हडळीची पावलं, माणशी दोन

भाऊबीज होऊन तीन दिवस झाले होते. फराळाच्या ऑर्डरी पुऱ्या करून हात असे भरून आले होते की फडताळातला सोऱ्या नुसता दिसला तरी मनगट ठणकायचं. त्यात रविवारी सकाळी एक जुनं गिऱ्हाईक दारात आलं. ही मुलगी लग्नाआधी ठाण्यात नौपाड्याला आमच्याच गल्लीत राहायची, आता घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या बाजूला टॉवरमध्ये असते. एवढ्या लांबून आठवड्यातून एकदा माझ्याकडे पोळ्या न्यायला येते, त्यामुळे तिला नाही म्हणणं मला जमत नाही.

“काकू, शुक्रवारी चोवीस मुलांचं खाणं कराल का? भुतांची पार्टी आहे.”

“सर्वपित्री होऊन महिना झाला की गं.”

ती हसली आणि मोबाइल काढून फोटो दाखवायला लागली. बदामाची नखं लावलेली गाजराची बोटं. डोळे-तोंड कोरलेल्या ढोबळ्या मिरच्या. मशरूमच्या कवट्या. फ्लॉवरचा मेंदू, त्यावर बिटाचं रक्त. ३१ ऑक्टोबरचं हॅलोवीन. दिवाळीत पोरांनी चकल्या आणि शंकरपाळे सोडून काही खाल्लं नाही, म्हणून सगळ्या आयांनी मिळून ठरवलं होतं की पार्टीत फक्त भाज्या. अटी चार. मैदा नको. तळण नको. बाटलीतला रंग नको. आणि भाजी अशी लपवायची की मुलांना पत्ता लागू नये. माणशी १८० रुपये ठरले. मग जाता जाता, चपला घालताना, पाचवी अट आली, “आणि चार मुलं जैन आहेत हं काकू.”

म्हणजे गाजर गेलं. बीट, बटाटा, कांदा, लसूण गेलं. मशरूमही गेलं. फोटोतलं निम्मं ताट तिथेच पायरीवर उतरलं. वीस मुलांना एक आणि चौघांना वेगळं, असं मी करत नाही. त्या वयात वेगळी ताटली म्हणजे शिक्षा वाटते. करायचं तर सगळंच सगळ्यांना चालेल असं करायचं.

खटकली मात्र मला चौथी अट. पोळी-भाजी केंद्र चालवते म्हणजे मी रोज डबे भरते, आणि रोज संध्याकाळी ते उघडून धुते. परत आलेल्या डब्यात काय उरलंय ते बघायची मला खोड आहे. दुसरीतल्या एका मुलीची आई सांगायची, पराठ्यात पालक घाला, पण बारीक वाटून, तिला कळता कामा नये. दोन दिवस कळलं नाही. तिसऱ्या दिवशी पराठ्याच्या चिंध्या होऊन परत आल्या, आणि झाकणात हिरवे ठिपके एका रांगेत मांडून ठेवलेले. जणू पंचनामा. त्यानंतर त्या पोरीने आठवडाभर साधी पोळीसुद्धा उलटसुलट करून, उजेडात धरून खाल्ली म्हणे. हीच मुलगी तोंडल्याच्या कुरकुरीत काचऱ्या चाटूनपुसून खाते. तोंडली कुठे लपतात? चांगली चकचकीत समोर असतात.

तेव्हा लपवाछपवी करायची नाही, हे मी मनाशी पक्कं केलं. गिऱ्हाइकाला सांगितलं नाही.

हॅलोवीनचं मला वावडं नाही. मागच्या वर्षी, २०२४ला, नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. पहाटे मी तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं, ‘गोविंदा गोविंदा’ म्हटलं, कडू बी जिभेला लावली. संध्याकाळी जिन्यात शेजारची पोरं काळ्या टोप्या घालून चॉकलेटं मागत फिरत होती. एकाच दिवशी दोन्ही, आणि मला काही विचित्र वाटलं नाही. कारीट म्हणजे नरकासुर. नव्या घराच्या दाराला टांगतात तो कोहळा. रिक्षाच्या पुढ्यात लोंबतात ते लिंबू आणि मिरच्या. भाजी आणि भूत यांचा संबंध आपल्याकडे काल-परवाचा नाही. माझ्या मुलाने तिकडचंही वाचून सांगितलं, की आयर्लंडमध्ये आधी सलगम कोरून त्यात दिवे लावायचे. तिथले लोक अमेरिकेत गेले तेव्हा त्यांना भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला सोपा, मग तो धरला. म्हणजे त्यांनीही मंडईत जे होतं तेच उचललं की!

मग मीही पिशवी घेऊन जांभळी नाक्यावर गेले.

आपला तांबडा भोपळा फोडीने विकतात. अख्खा मागितला तर भाजीवाला वर बघतो. “काकू, वास्तुशांत आहे का? त्याला कोहळा लागतो.” मी म्हटलं, “नाही रे, भुतांचं जेवण आहे.” त्याने काही न बोलता सगळ्यात जड भोपळा तराजूत टाकला. साडेचार किलो. त्याच्याशिवाय दीड डझन कच्ची केळी, मक्याची कणसं आणि मुठीत मावतील एवढ्या लहान ढोबळ्या मिरच्या घेतल्या. कणसं मुद्दाम जून बघून. कोवळा दाणा मला नको होता, का ते पुढे येईल. कौपिनेश्वराच्या बाजूला जरा टेकले आणि त्या जैन मुलांपैकी एकीच्या आईला फोन लावला. आंबवलेलं चालेल, म्हणाली, पण सूर्यास्ताच्या आत खाऊन झालं पाहिजे. ३१ ऑक्टोबरला सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. म्हणजे भुतांची पार्टी लख्ख उन्हात.

मंगळवारी रात्री दुकान बंद करून आम्ही दोघी बसलो. दुकानात माझ्याबरोबर पोळ्या लाटतात त्यांना सगळेच वहिनी म्हणतात, मीही म्हणते. आधी घेतले डोळे. छोट्या इडल्या लावल्या, पांढऱ्याशुभ्र उतरल्या. बुबुळ म्हणून हिरव्या ढोबळ्या मिरचीच्या चकत्या, केक सजवायच्या नळीच्या रुंद तोंडाने पाडलेल्या आणि उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट धरलेल्या. मधोमध बाहुलीला अर्धा काळा मनुका. इथवर छान. आता डोळ्यात लाल शिरा हव्यात. बीट चालणार नव्हतं, तरी हात बसावा म्हणून पहिल्या चार इडल्यांवर बिटाच्या रसाने काढून बघितल्या. इडली गरम होती. रस पसरला आणि अख्खी इडली गुलाबी झाली. वहिनी म्हणाल्या, “ह्याचे डोळे आलेत.”

मी मालवणकडची. आमच्या घरात लाल म्हटलं की आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस. पण आगळ बिटाच्या रसाहून पातळ, ते तर अजूनच पसरलं. मग चमचाभर तांदळाच्या पिठात आगळ घालून मंद आचेवर खळीसारखं आटवलं, इडल्या पार थंड होऊ दिल्या, आणि दात कोरायच्या काडीने एकेक शीर ओढली. जिथे ओढली तिथेच राहिली. काळपट लाल, बारीक, जागरणाने होतात तशी. मिठाची चव आगळाचीच, त्यामुळे वेगळी चटणीही लागली नाही. माझी भाची रसायनशास्त्र शिकते. तिने सांगितलं की कोकमाचा रंग तो अँथोसायनिन आणि बिटाचा बेटालेन, दोन्ही निराळे. आंबटपणात कोकमाचा लाल छान राहतो, बिटाचा मात्र जास्त शिजवलं की मरतो. मला नावं माहीत नव्हती, पण सोलकढी करताना आणि बिटाची कोशिंबीर शिळी होताना दोन्ही गोष्टी बघितलेल्या होत्या.

तिच्याच डोक्यातून गोकर्णाचं आलं. तिच्या बिल्डिंगच्या कुंपणावर निळा गोकर्ण माजलाय. फुलांचे देठ काढून पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या की पाणी शाईसारखं निळं होतं आणि लिंबू पिळलं की डोळ्यांदेखत जांभळं. हाही अँथोसायनिनच. ठरलं, की पेल्यात निळं सरबत द्यायचं आणि लिंबाची फोड मुलांच्या हातात.

आता पावलांचं.

माझी आजी तिन्हीसांजेला ओरडायची, “पिंपळाखाली जाव नको गो, मुंजो असता थंय.” मुंजा, वेताळ, खवीस, ब्रह्मसमंध, चकवा, हडळ, ही सगळी मंडळी मला शाळेतल्या मुलींपेक्षा जास्त ओळखीची होती. (देवचाराचं नाव मी पार्टीत काढलं नाही आणि कुठल्या पदार्थालाही दिलं नाही. तो राखणदार आहे, त्याची थट्टा आम्ही करत नाही.) त्यातली हडळ दिसायला सुंदर, केस मोकळे, आणि ओळखायची खूण एकच, पाय उलटे. टाच पुढे, बोटं मागे. फोटोतल्या गाजराच्या बोटांवर फुली बसली होती, तर मला वाटलं हात राहू दे, पायच करू. आणि पावलं करायला साचा कशाला हवा? लक्ष्मीची पावलं आपण पिठात मूठ बुडवून उमटवतो, करंगळीच्या बाजूने. तळवा होतो, वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके. उजव्या मुठीने एक पाऊल, डाव्या मुठीने दुसरं.

भोपळा उकडला नाही, वाफवला. उकडला की पाणी पितो आणि मग कटलेट तव्यावर फसकन बसतं. वाफवूनही त्याने पाणी सोडलंच, तेव्हा कढईत घालून उलथण्याने परतत परतत कोरडा केला, कडेने सुटेपर्यंत. कच्ची केळी सालासकट दोन शिट्ट्या, पूर्ण गार करून किसलेली. गरम किसली तर चिकट गोळा होतो. बांधायला पातळ पोह्यांची भरड पूड, चवीला हिरवी मिरची बेताची, जिरं, कोथिंबीर, आमचूर, मीठ. रंग भोपळ्याचाच, भगव्याकडे झुकणारा. हाताला तेल लावून लिंबाएवढा गोळा ताटलीत ठेवायचा, वरून मुठीची कड दाबायची, टाचेकडे जरा जास्त. पाऊल उमटतं. अगदी पाऊलच. मधला खळगासुद्धा येतो. माझी उजवी मूठ चांगली उठली. डावी कमजोर, तिची सगळी पावलं लंगडी आली. वहिनी डावखुऱ्या. मग उजवे पाय माझे, डावे त्यांचे. त्यांची मूठ माझ्याहून लहान, त्यामुळे हडळीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा बारीक झाला, पण तिला कोण विचारतंय!

बोटांचे नुसते ठिपके दिले तर ते तव्यावर बुजतात. मटार लावून बघितले. उलटताना गडगडत गेले. तेव्हा जून मक्याचा दाणा हातात घेतला. नीट बघितलाय कधी? वर रुंद, जरासा फुगीर, खाली निमुळता, टोकाला पांढुरका. नखच ते. न कापलेलं, पिवळं पडलेलं नख. उकडलेले दाणे निमुळत्या बाजूने पाच-पाच खोचले, अंगठ्याला मोठा, करंगळीला चिमुकला. बाहेरून बारीक रवा, बिडाच्या तव्यावर थोडं तेल, आधी तळव्याची बाजू खमंग, मग अलगद उलटून नखांची बाजू जेमतेम अर्धा मिनिट. पहिली जोडी उतरली आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. वहिनी म्हणाल्या, “मी नाही खाणार बाई.” पाच मिनिटांनी खाल्ली.

मिरच्यांचं विशेष काही नाही. टोपी कापायची, बिया काढायच्या, त्रिकोणी डोळे आणि वाकडंतिकडं तोंड कोरायचं, आत मका, काकडी, डाळिंबाचे दाणे, लिंबू. काकडी भरायची अगदी शेवटी, नाहीतर मीठ लागून पाणी सुटतं आणि भुताच्या तोंडातून लाळ गळते. उरलेल्या भोपळ्यातून मुलाने एक मोठं तोंड कोरून दिलं. आपल्या भोपळ्याची साल लाकडासारखी असते. त्याच्या नादात माझी चांगली सुरी टोकाला मोडली, तो हिशेब कुणी भरून देत नाही.

शुक्रवारी साडेतीनला रिक्षात बसले. मांडीवर डोळ्यांचा डबा, पायाशी पावलांचे तीन, शेजारी भोपळा आणि सरबताची बरणी. चारपर्यंत माजिवडा बरं चाललं. मग कापूरबावडीला जे अडकलो ते मानपाड्यापर्यंत मुंगीच्या पावलाने. मेट्रोच्या खांबांच्या सावल्या लांब होत चालल्या होत्या आणि मी रिक्षातून सूर्य कुठे आहे ते बघत होते. एरवी लोक घड्याळ बघतात. पाटलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली. कॉम्प्लेक्सच्या आत शिरल्यावर चकवा लागला. सगळे टॉवर सारखे, त्याच कारंज्यापाशी आम्ही तीनदा आलो. रिक्षावाला वैतागून म्हणाला, “काकू, भुतं घरी बोलवून घ्या ना पुढच्या वेळी.” पाच वाजून दहा मिनिटांनी क्लबहाऊसमध्ये डबे टेकवले.

पावलं मी ताटलीत वाढली नाहीत. लांब टेबलावर केळीची पानं अंथरली, आणि मुलं उभी होती त्या टोकापासून पलीकडच्या उघड्या खिडकीपर्यंत एकेक पाऊल मांडत नेलं. डावं, उजवं, डावं, उजवं. नखं खिडकीकडे.

काळे झगे घातलेली चोवीस मुलं गोळा झाली. ‘ई’, ‘शी’, ‘यक’ सगळं झालं. एका मुलाने, वय असेल सात, नीट निरखून विचारलं, “ही कोणेय? खिडकीतून बाहेर गेली?”

“हडळ,” मी म्हटलं. “पण तिचे पाय उलटे असतात.”

तो थांबला. पावलांकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, परत पावलांकडे. मग हळूच म्हणाला, “म्हणजे आत आलीय.”

पाच सेकंद आवाज नाही. चोवीस मुलं असलेल्या खोलीत पाच सेकंद म्हणजे किती, ते शिक्षकांना विचारा. कुणीतरी टेबलाखाली वाकून बघितलं. मग एका मुलीने सर्वात जवळचं पाऊल उचललं आणि अंगठ्याचं नख कचकन चावून तोडलं. म्हणाली, “आता तिला चालता येणार नाही.” झालं! पुढच्या दहा मिनिटांत हडळीची वाट पुसली गेली. “यात काय आहे?” असं दोघा-तिघांनी विचारलं. मी सरळ सांगितलं, भोपळा आणि कच्चं केळं. गिऱ्हाईक मागून माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. मुलांनी ऐकलं आणि खात राहिली. निळं सरबत जांभळं करण्यात तर इतकी झुंबड उडाली की लिंबं कमी पडली. चारही जैन मुलांचं पावणेसहाला खाऊन झालं, उजेड असताना.

एका मुलीच्या आजी कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. नऊवारी, नाकात मोरणी. त्यांच्यापुढे ताटलीत दोन पावलं ठेवली तर चेहरा उतरला. “अगो, ही लक्ष्मीची पावलं. दहा दिवस नाही झाले घरात काढून. भुताची म्हणून कशी खाऊ?”

मला उत्तर सुचलं नाही. खरं होतं. मूठ तीच, फक्त दिशा फिरवलेली. मी म्हटलं, “आजी, इडली देऊ का?” त्यांनी हातानेच नको म्हटलं, थोडा वेळ ताटलीकडे बघितलं, आणि मग ती गोल फिरवली. बोटं स्वतःकडे, म्हणजे पावलं घरात येणारी. मनातल्या मनात काहीतरी पुटपुटल्या आणि शांतपणे दोन्ही खाल्ली. वर म्हणाल्या, “आमचूर किंचित कमी हवा.” बरोबर होतं तेही.

सातला डबे आवरले. घरी आल्यावर सवयीने एकेक उघडून बघितला. पावलं शून्य. मिरच्यांचे चार-पाच देठ आणि एक अर्धवट खाल्लेला जबडा. डोळ्यांच्या डब्यात एकही इडली नाही, हिरवी चकतीसुद्धा नाही, सगळं खाल्लेलं. तळाला मात्र काळे काळे बारीक काहीतरी चिकटलेलं दिसलं. मी चष्मा लावला. बाहुल्या. भाजी नसलेली, सबंध पार्टीतली एकच गोड गोष्ट, तेवढी पोरांनी कोरून कोरून बाजूला काढली होती. एकतीस मनुके. मी मोजले.